गाठीभोवतीचे शेत : एक प्रस्तावना

मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढून झाली की शल्यचिकित्सक आपल्या टिपणात बहुधा एक छोटेसे चित्र काढतो. पिशवीसारखा एक आकार, त्यात मूत्रनलिकांची दोन तोंडे, आणि जिथे गाठ होती तिथे एक फुली. चित्राखाली एक ओळ येते : 'बाकीचे अस्तर सामान्य'. या ओळीत खोटे काही नसते. डोळ्यांना जे दिसले, तेच लिहिलेले असते. पण त्या 'सामान्य' अस्तराच्या पेशींतला डीएनए गेल्या काही दशकांत वाचता येऊ लागला, आणि ती साधी ओळ एका मोठ्या अभ्यासक्षेत्राचा विषय होऊन बसली. या क्षेत्रात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना त्याच ओळीपासून सुरुवात करणे बरे.

मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला युरोथेलियम म्हणतात. जेमतेम काही पेशींच्या थरांचे हे अस्तर मूत्रपिंडातल्या नरसाळ्यासारख्या भागापासून मूत्रनलिकांतून थेट मूत्राशयापर्यंत अखंड पसरलेले असते. मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग या अस्तरातच उगवतात. निदान होते तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत रोग स्नायूच्या थरापर्यंत पोहोचलेला नसतो. अशी गाठ खरवडून काढता येते आणि मूत्राशय वाचतो. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की यांतल्या अनेकांना, निम्म्याहूनही अधिक जणांना, पुढे पुन्हा गाठ येते. कधी त्याच जागी येते, पण पुष्कळदा दुसऱ्याच भिंतीवर, जिथे मागच्या वेळी सारे स्वच्छ होते. म्हणून हे रुग्ण वर्षानुवर्षे दुर्बीण तपासणीच्या फेऱ्या मारत राहतात, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारतात : सगळे काढले होते ना, मग हे परत कुठून आले?

शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. गाजरगवत उपटून बांधावर टाकले तरी त्याचे बी आधीच रानभर उडालेले असते. नवी रोपे दुसरीकडे डोके काढतात. हरळीचे तसे नसते. वरचे गवत कापले तरी जमिनीखाली तिच्या काशा पसरलेल्या असतात. चार हातांवर उगवलेला नवा कोंब हा जुन्याच मुळाचा असतो. आणि तिसरी शक्यता म्हणजे सारी जमीनच अशी झालेली असते की तिथे तणच माजावे, प्रत्येक रोप मात्र आपापल्या बीजाचे. मूत्राशयातल्या पुनरुद्भवाची स्पष्टीकरणे या तिन्हींत मावतात : गाठीतून सुटलेल्या पेशी लघवीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजल्या, एकाच बदललेल्या पेशीची संतती अस्तरातून दूरवर पसरली, किंवा साऱ्या अस्तरावर एकच मारा झाल्याने ठिकठिकाणी स्वतंत्र गाठी उगवल्या. गेली सत्तर वर्षे या विषयातला मोठा वाद याच तीन शक्यतांभोवती फिरतो आहे.

या वादाला नाव मिळाले ते मात्र तोंडाच्या कर्करोगामुळे. डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीच्या कडेपलीकडच्या, वरवर ठीक दिसणाऱ्या अस्तराचे काप सूक्ष्मदर्शकाखाली घातल्यावर त्यांना तिथेही बिघडलेल्या पेशी सापडल्या. ८८ रुग्णांत तर एकाहून अधिक स्वतंत्र गाठी होत्या. त्यांनी या प्रकाराला 'फील्ड कॅन्सरायझेशन' म्हटले. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण जिथे इतके वाढवले आहे, त्या महाराष्ट्रात कर्करोगतज्ज्ञांना ही कल्पना समजावून द्यावी लागत नाही. गालाच्या आत एक गाठ आणि भोवती पांढरे-लाल चट्टे, हे दृश्य त्यांच्या रोजच्या ओळखीचे.

मराठीत याला 'क्षेत्र-कर्करोगीकरण' म्हणता येईल. शब्द जड आहे, पण त्यातला 'क्षेत्र' हा भाग आपल्या घरचा आहे. गीतेचा तेरावा अध्याय शरीरालाच क्षेत्र म्हणतो, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. तिथला अर्थ अर्थातच निराळा. पण शेतात पेरले तसे उगवते, ही त्या शब्दामागची जाणीव इथेही उपयोगी पडते.

मूत्राशयाचे शेत पेरले जाते ते लघवीतून. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे सांगितले. रंगउद्योगातल्या अरोमॅटिक अमाइन गटाच्या रसायनांवरचा दोष पुढे पक्का झाला; १९३८ साली विल्हेल्म ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन देऊन कुत्र्यांत हा रोग निर्माण करून दाखवला. याच गटाची रसायने तंबाखूच्या धुरातही असतात. ती फुप्फुसातून रक्तात शिरतात, यकृतात त्यांचे रूप पालटते, आणि मूत्रपिंड ती लघवीत सोडतात. मूत्राशय तर लघवी साठवण्यासाठीच असतो. म्हणजे विष तासन्‌तास साऱ्या अस्तराला लागून राहते. असा मारा एकाच बिंदूवर होईल आणि बाकीचे अस्तर कोरे राहील, हे मुळातच अवघड वाटते.

तसे ते नसते, हे सूक्ष्मदर्शकाने आधीच सुचवले होते. न्यूयॉर्कच्या मायर मेलिकाऊ यांनी काढून टाकलेले संपूर्ण मूत्राशय घेतले आणि दोन गाठींच्या मधल्या, नुसत्या डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या पट्ट्यांचे काप तपासले. १९५२ साली त्यांनी जे मांडले त्याचा आशय असा की गाठींच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे पेशींची अतिवाढ असते, त्यांच्या घडणीतले बिघाड असतात, आणि काही ठिकाणी अस्तरातच सपाट पसरलेला कर्करोगही असतो. हा सपाट प्रकार, कार्सिनोमा इन सिटू, आजही दुर्बिणीला चकवतो.

पण सूक्ष्मदर्शक पेशीचा चेहरा पाहतो, तिची वंशावळ नाही. दोन गाठी एकाच कुळातल्या की वेगळ्या, हे त्याला सांगता येत नाही. ती वाट १९९२ साली डेव्हिड सिड्रान्स्की यांच्या गटाने एका सुंदर युक्तीने उघडली. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि गर्भावस्थेतच त्यांतले एक निद्रिस्त होते; कोणते, हे प्रत्येक पेशीत नाणेफेकीसारखे ठरते आणि तिची सारी संतती तोच निकाल पुढे नेते. मग एकाच स्त्रीच्या मूत्राशयातल्या अनेक गाठी जर स्वतंत्रपणे उगवल्या असतील, तर काहींत एक गुणसूत्र निजलेले दिसावे आणि काहींत दुसरे. चार स्त्रियांच्या गाठी तपासल्या गेल्या. प्रत्येकीच्या सर्व गाठींत निद्रिस्त गुणसूत्र एकच निघाले. गाजरगवत असो वा हरळी, एकाच कुळाची बाजू जड झाली. पुढच्या अभ्यासांत एकमेकींशी नाते नसलेल्या गाठीही काही रुग्णांत सापडल्या, त्यामुळे वाद निकालात निघाला असे म्हणता येत नाही. मात्र वंशावळ तपासता येते, हे त्या प्रयोगाने कायमचे शिकवले.

पेशींच्या डीएनएतले बदल किती आधी सुरू होतात, याचे चटका लावणारे उदाहरण अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांचे. १९६७ साली त्यांच्या लघवीतून रक्त गेले. लघवीतल्या पेशींच्या तपासणीतून ठाम उत्तर मिळाले नाही. १९७६ साली स्नायूत शिरलेला कर्करोग सापडला, आणि जानेवारी १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९४ साली संशोधकांनी १९६७ची जपून ठेवलेली काच बाहेर काढली, तिच्यावरच्या पेशींतला डीएनए वाचला. टीपी५३ या जनुकातला जो बदल १९७६च्या गाठीत होता, नेमका तोच नऊ वर्षांपूर्वीच्या पेशींत मिळाला. चेहरा संशयास्पद होता. अक्षरे मात्र तेव्हाच बोलत होती. ती वाचण्याचे साधन अजून निर्माण व्हायचे होते.

यापुढचा मुद्दा या विषयात नव्याने येणाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण तो निसर्गाच्या नव्हे, आपल्याच हिशेबाच्या चुकीचा आहे. गाठीत कोणते उत्परिवर्तन झाले हे ठरवायला तुलना लागते. रुग्णाच्या एखाद्या 'निरोगी' नमुन्यातला डीएनए वाचायचा, गाठीतला वाचायचा, आणि दोन्हीकडे जे समान असेल ते जन्मजात समजून वजा करायचे. आता निरोगी नमुना म्हणून रक्ताऐवजी गाठीशेजारचेच अस्तर घेतले, आणि त्या अस्तरात रोगाची पहिली पावले आधीच उमटलेली असली, तर काय होईल? ती पावले दोन्हीकडे दिसतील आणि वजाबाकीत पुसली जातील. जे सर्वांत आधी घडले, म्हणून सर्वांत दूर पसरले, तेच हिशेबातून आधी गळेल. शेजारच्या ऊतीला नमुन्याच्या पेटीवर 'सामान्य' अशी चिठ्ठी लावण्याची सवय किती महाग पडू शकते, हे या क्षेत्राने साऱ्या कर्करोगशास्त्राला दाखवून दिले.

दुसरी अडचण साधनाची होती. अस्तराचा मोठा तुकडा घेऊन त्यातला सगळा डीएनए एकत्र वाचला, तर थोड्या पेशींतला बदल बाकीच्या गर्दीत बुडून जातो; वाचणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या चुकाही त्याच प्रमाणात असतात. उपाय निघाला तो तुकडा लहान करण्याचा. लेसरच्या साहाय्याने काही शे पेशींचे सूक्ष्म नमुने कापून प्रत्येक वेगळा वाचायचा. या पद्धतीने २०२० साली एकाच वेळी दोन मोठे अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केंब्रिजजवळच्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने २० व्यक्तींच्या मूत्राशयांतून २,०९७ सूक्ष्म नमुने तपासले. त्यांतल्या पाच जणांना मूत्राशयाचा कर्करोग होता, बाकीच्यांना नव्हता. चीनमधल्या गटाने रुग्णांच्या मूत्राशय आणि मूत्रनलिकांतले, सूक्ष्मदर्शकाखालीही अगदी सामान्य दिसणारे अस्तर वाचले.

दोन्हीकडचे चित्र जुळले. निरोगी दिसणारे अस्तर हे एकसारख्या पेशींचे कोरे कापड नसून ठिगळांची गोधडी असते. काही बदललेल्या पेशी शेजारणींना मागे सारून आपली वसाहत वाढवतात. सँगरच्या गटाला अशी आघाडी देणारी १७ जनुके दिसली. त्यांत वारंवार येणारी केएमटी२डी आणि केडीएम६ए ही जनुके क्रोमॅटिनची, म्हणजे डीएनए गुंडाळण्या-उलगडण्याची व्यवस्था पाहतात. पेशीने कोणते पान उघडावे आणि कोणते मिटून ठेवावे, हे ती ठरवतात. उलट टीपी५३, एफजीएफआर३, पीआयके३सीए ही कर्करोगात हमखास भेटणारी नावे निरोगी अस्तरात क्वचितच आढळली. यातून एक क्रम सुचतो : आधी पाने उलटण्याची शिस्त बिघडते आणि वसाहत वाढते, घातक बदल नंतर, अशाच एखाद्या वसाहतीत येतात.

त्या वसाहतींचे आकारही विचार करायला लावणारे आहेत. ॲरिस्टोलोकिक आम्ल हे काही वनौषधींत असणारे नैसर्गिक द्रव्य ज्यांच्या शरीरात गेले होते, त्यांच्या अस्तरात बदलांची संख्या प्रचंड होती, आणि एकेका पेशीची संतती कित्येक चौरस सेंटिमीटर पसरलेली होती. 'झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार' असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी. बदलांचा ठसा पाहून कारण ओळखता येते, हा या शास्त्राचा एक मोठा लाभ. ॲरिस्टोलोकिक आम्लाची खूण वेगळी असते. एपोबेक या, एरवी विषाणूंशी लढणाऱ्या, पेशीतल्याच विकरांची खूण वेगळी असते. सँगरच्या अभ्यासात ती २२ टक्के नमुन्यांत दिसली. चोराने मागे सोडलेल्या पाऊलखुणांवरून घोरपड की माणूस हे जाणत्याने सांगावे, तसे हे.

इथे घाबरून जाण्याचा धोका असतो, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडली पाहिजे. उत्परिवर्तन म्हणजे कर्करोग नव्हे. सँगरच्या अभ्यासातल्या बहुतेकांना मूत्राशयाचा कर्करोग नव्हताच, तरी त्यांचे अस्तर ठिगळांनी भरलेले होते. उन्हात राहिलेल्या पापणीच्या त्वचेत आणि मध्यमवयीन माणसाच्या अन्ननलिकेतही हेच आढळले आहे. अन्ननलिकेत तर नॉच१ या जनुकातला बदल कर्करोगापेक्षा निरोगी अस्तरातच अधिक भेटतो. उंदरांवरच्या एका प्रयोगात अशा बदललेल्या वसाहतींनी नुकत्याच उगवणाऱ्या गाठींना रेटून नाहीसे केल्याचे दिसले. शेतात एका तणाने दुसऱ्याला दाबावे, तसेच. तेव्हा 'बदल आहे का?' या प्रश्नाला आता फारसा अर्थ उरलेला नाही; बदल असणारच. कोणता, किती पसरलेला, आणि कोणत्या दुसऱ्या बदलाच्या संगतीत, हे प्रश्न खरे.

त्यांची उत्तरे शोधणारी एक चिकाटीची परंपरा ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात बोगदान चेर्नियाक यांच्या गटाने उभी केली. काढलेला संपूर्ण मूत्राशय नकाशासारखा चौकटींत विभागायचा, प्रत्येक चौकटीत पेशी कशा दिसतात आणि जनुके काय सांगतात हे नोंदवायचे, आणि मग दोन्ही नकाशे एकावर एक ठेवायचे. अशा नकाशांत रोगाची जागा फुलीएवढी उरत नाही. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या गटानेही गाठी आणि त्यांच्या सभोवतीच्या अस्तराची तुलना हा आपल्या कामाचा एक धागा केला आहे.

रुग्णाला याचा उपयोग काय, हे विचारणे रास्त आहे. खरे तर शास्त्राला समजण्याआधीच उपचाराने शेताकडे लक्ष द्यायला सुरुवात केली होती. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली बीसीजी मूत्राशयात सोडून केलेल्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या दंडावर ज्या लशीचा व्रण असतो, तीच ही. गाठ काढून झाल्यावर, दिसण्यासारखे काही उरलेले नसताना, आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे ती दिली जाते. हा उपचार गाठीवर नसून तिच्याभोवतीच्या अस्तरावर आहे, असे आता स्पष्टपणे म्हणता येते. निळ्या प्रकाशातली दुर्बीण तपासणीही याच विचारातली : आधी सोडलेल्या औषधामुळे बिघडलेला भाग गुलाबी-लाल चमकतो आणि पांढऱ्या प्रकाशात न दिसलेला सपाट रोग नजरेस पडतो.

लघवीतला डीएनए वाचून पुनरुद्भव ओळखण्याच्या चाचण्या मात्र या विषयाच्या ऐन मधोमध उभ्या आहेत. समजा, गाठ काढली, दुर्बिणीतून काही दिसत नाही, आणि तरी लघवीत उत्परिवर्तन सापडते. मग चाचणी चुकली, की तिने येणाऱ्या गाठीची चाहूल दिली, की अस्तरातल्या एखाद्या निरुपद्रवी वसाहतीचा आवाज ऐकला? उत्तर द्यायचे तर कोणते बदल निरोगी अस्तरातही राहतात याची यादी हाताशी हवी. निरोगी अस्तराचा अभ्यास हा म्हणूनच या चाचण्यांचा पाया आहे.

वाचनाला लागण्यापूर्वी एका शब्दाविषयी सावध करतो. मराठीत 'जनुकीय' म्हटले की पुष्कळांच्या मनात 'आनुवंशिक' उमटते. रुग्णाच्या घरी लगेच विचारणा होते : मग मुलांनाही होईल का? इथे ज्या उत्परिवर्तनांची चर्चा आहे ती जन्मानंतर, मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींत झालेली असतात. ती बीजपेशींत नसतात, म्हणून मुलांकडे जात नाहीत. शिकवताना, रुग्णाशी बोलताना आणि लिहिताना 'कायिक' किंवा नुसते 'पेशीत नंतर झालेले' असे म्हटले तरी एका घराची झोप वाचते.

या क्षेत्रात उतरायला महागडे यंत्र हाताशी असलेच पाहिजे असे नाही. हम्फ्री यांची काच २७ वर्षे कपाटात पडून होती आणि मग बोलली. मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया जिथे जिथे होते, तिथल्या विकृतिशास्त्र विभागाच्या कपाटांत मेणाचे ठोकळे ओळीने रचलेले असतात. गाठीचे ठोकळे लोक पुन्हा पुन्हा मागवतात. गाठीपासून दूरच्या भिंतीचे, अहवालात 'या भागात रोग नाही' असे लिहिलेले ठोकळे सहसा कोणी मागत नाही. तुम्ही विद्यार्थी असाल तर एकदा तेच मागून पाहा. आणि भिंतीच्या कोणत्या भागातून तो तुकडा घेतला हे नोंदवलेले नसेल, तर पुढच्या वेळी ते नोंदवायला सांगा. शल्यचिकित्सकाच्या चित्रात फुलीभोवती जी कोरी जागा असते, तिचा नकाशा तिथून सुरू होतो.